डोंगरावरचा बर्फ, समुद्रातलं वादळ

प्रश्न : तिबेटच्या पठारावर हिवाळ्यात जास्त बर्फ पडला की त्या वर्षी पॅसिफिकमध्ये टायफून (तिकडची चक्रीवादळं) कमी येतात असं वाचलं. बर्फ कुठे, समुद्र कुठे, आणि मधे चांगले पाच-सहा महिने. खरंच काही संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि मला तर हा हवामानातला सगळ्यात सुंदर संबंध वाटतो. आधी बर्फाचंच बघा. ताजा बर्फ ऊन ८०-९० टक्के परत फेकतो, त्यामुळे खालची जमीन तापतच नाही, आणि पुढे वसंतात तो वितळायला लागला तरी बरीचशी उष्णता त्या वितळण्यातच खर्च होते. पातेल्यात बर्फ घालून मंद गॅसवर ढवळत बसा, शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत पाणी शून्याच्या आसपासच घुटमळतं. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं! तिकडे पठारावर बर्फ वितळून झाल्यावर माती ओली राहते, मग पुढचे काही आठवडे ऊन ती वाळवण्यात जातं. पाच-सहा महिन्यांचं कोडं इथे सुटतं, बर्फ गेला तरी ओल मागे राहते.

आता हे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच, म्हणजे उन्हाळ्यात ते हवेला थेट वरच्या थरात तापवतं आणि मान्सूनला जोर मिळतो. पठार गार राहिलं की मान्सूनचे नैर्ऋत्य वारे ढिले पडतात, आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये हे वारे पूर्वेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना जिथे भिडतात तो कमी दाबाचा पट्टाही कमजोर होतो. तिथली बरीचशी टायफून याच पट्ट्यात जन्मतात, समुद्र कितीही गरम असला तरी हवेला गिरकी मिळाल्याशिवाय वादळ उभं राहत नाही.

ही कल्पना जुनीच आहे, भारताच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने १८८४ मध्येच हिमालयातला बर्फ आणि भारतातला कमी पाऊस यांची सांगड घातली होती.

पण नुसत्या बर्फावरून अंदाज बांधू नका. एल निनोचा (म्हणजे काही वर्षांनी पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं त्याचा) वर्षावर्षाचा प्रभाव याहून मोठा, कधीकधी तो बर्फाचा परिणाम पार झाकून टाकतो. शिवाय अंदाज असतो तो पूर्ण सीझनमधल्या संख्येचा, किनाऱ्यावर काय आदळेल याचा नाही. अटलांटिकमध्ये १९९२ चा सीझन एरवी शांतच होता, तरी त्याच ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडाची दैना केली.