कॅमेरा दिसतो, पण कोणाकोणाला?

प्रश्न : ताई, खाली आमचा टॉवेलचा कारखाना आणि वर घर. मागांवर लक्ष राहावं म्हणून चार कॅमेरे बसवले. मुलगा पुण्यात नोकरीला, त्यालाही मोबाईलवर दिसावं म्हणून कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं राउटरमध्ये काहीतरी केलं. ‘फायरवॉल आडवी येत होती, बंद केली, डीएमझेड टाकलंय,’ म्हणाला. तेव्हापासून कॅमेरे मस्त दिसतात, पण नेट रडतंय. नेटवाला म्हणतो, तुमच्या लाईनवरून रात्री प्रचंड अपलोड जातंय. फायरवॉल परत चालू केली तर कॅमेरे बंद पडतील का?
— एक कारखानदार, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : मालक, आजच चालू करा. कॅमेरे घटकाभर दिसणार नाहीत, त्याला रस्ता आहे.

आधी त्या पोरानं काय करून ठेवलंय ते बघू. घरगुती राउटरमधली फायरवॉल फार हुशार नसते. आतल्या एखाद्या मोबाईलनं किंवा कॉम्प्युटरनं काही मागितलं असेल, तर त्याचं उत्तर ती आत येऊ देते. न मागता बाहेरून जे येतं ते टाकून देते. कोणी काय मागितलं याची नोंद तीच ठेवते, तुम्हाला काही करावं लागत नाही. डीएमझेड टाकलं की हा नियम एका यंत्रापुरता उलटा होतो. न मागता आलेलं सगळं टाकून न देता त्या एका पत्त्यावर पाठवलं जातं. तुमच्याकडं तो पत्ता डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीचा आहे. म्हणजे मुलाला जसा डीव्हीआर दिसतो, तसाच जगातल्या कोणालाही त्याचा पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो.

आणि पासवर्ड काय आहे? मी ज्या कारखान्यांत वायरिंगला जाते, तिथं बऱ्याचदा डीव्हीआरच्या डोक्यावर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर मार्करनं लिहिलेलं असतं : ॲडमिन, १२३४५६. तुमच्याकडंही असेल तर आश्चर्य नाही.

डीव्हीआर म्हणजे नुसती रेकॉर्डिंगची पेटी नव्हे. आत बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले असे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कंपनीतून येताना असलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी, आणि दिसेल त्या यंत्रावर ती चालवून बघणं. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेनं साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास बंद पडल्या. हा प्रोग्राम ज्यांनी बनवला ती विशीतली पोरं होती, आणि सुरुवातीला त्यांचा डोळा माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवर होता! ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना नेट जरा मंद वाटण्यापलीकडं काही कळलंही नसणार.

तुमच्याकडं हेच झालंय असं मी न बघता म्हणणार नाही. पण रात्रीचं अपलोड त्याच अंगानं जातंय. खात्री करायची असेल तर एका रात्री डीव्हीआरची फक्त नेटची वायर काढून ठेवा (रेकॉर्डिंग चालूच राहील) आणि सकाळी नेटवाल्याला अपलोडचा आकडा विचारा.

आता दुरुस्ती. इथं क्रम महत्त्वाचा आहे. मिराई यंत्राच्या मेमरीतच राहायचं, त्यामुळं यंत्र बंद-चालू केलं की जायचं, पण वाट उघडी असली तर काही मिनिटांत परत यायचं. म्हणून आधी डीव्हीआरची नेटची वायर काढा. मग राउटर उघडा : ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नक्की कोणता पत्ता ते राउटरच्या बुडाशी असलेल्या स्टिकरवर छापलेलं असतं. डीएमझेड ‘डिसेबल’. फायरवॉल ‘इनेबल’, आणि तिथं लो-मीडियम-हाय असं विचारलं तर मीडियम पुरे. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आत यायला उघडलेल्या दारांच्या) यादीत ८०, ८००० किंवा ३७७७७ असे आकडे दिसतील, तेही काढा. यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेईल. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय) बंद. शेवटी राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि नव्वद टक्के घरांत तो कोणी कधी बघितलेलाच नसतो, हा माझा अंदाज. नेटवाला तो द्यायला का-कू करेल. मागून घ्या, घर तुमचं आहे.

मग डीव्हीआर बंद-चालू करा, त्याच्याच स्क्रीनवर माऊसनं पासवर्ड बदला (‘सोलापुरीचादर१२३’ नको), कंपनीचं नवं फर्मवेअर (पेटी चालवणारा आतला प्रोग्राम) असेल तर पेन ड्राइव्हवरून टाका आणि सगळ्यात शेवटी वायर जोडा.

मुलाला दिसायचं कसं? डीव्हीआरच्या मेन्यूत पीटूपी किंवा क्लाउड असा पर्याय आणि एक क्यूआर कोड असतो. कंपनीच्या ॲपमधून मुलानं तो स्कॅन करायचा. यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जोडणी करतो, म्हणून फायरवॉल आडवी येत नाही आणि कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही. त्या पोरानं पहिल्या दिवशी हेच करायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम आहे. यात तुमची जोडणी कंपनीच्या सर्व्हरच्या आधारानं होते, एवढं मात्र आहे. ते नको असेल तर राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद खासगी वाट, चालवता येतो. तेवढी खटपट मुलाला जमत असेल तरच त्या वाटेला जा.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची. हल्ली बरेच नेटवाले अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता) १०० नं सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर समजायचं आपण त्या सामाईक पत्त्यामागं आहोत. तिथं पुण्याहून डीएमझेड चाललंच नसतं. तुमचं चालतंय, त्याअर्थी तुम्ही बहुतेक स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे भरताय. बिल बघा. पीटूपी चालू झालं की तो खर्च बंद करता येईल.

आणि मुकादम, जॉबर, कांडीवाल्या बायका, सगळ्यांच्या मोबाईलला घरचंच वायफाय असेल, तर त्यांना गेस्ट नेटवर्क काढून द्या. त्यात ‘लोकल नेटवर्क ॲक्सेस’ची खूण काढलेली असू द्या. म्हणजे त्यांना नेट मिळेल, पण तुमचा डीव्हीआर आणि हिशेबाचा कॉम्प्युटर त्यांच्या मोबाईलवरून गाठता येणार नाही. जाता जाता : राउटर खाली मागांजवळ असेल तर वर घ्या. टॉवेलच्या सुताचा कचरा त्याच्या जाळीत बसतो, त्यात आपला मे महिना. मग तो तापून अडकतो आणि बोल नेटवाल्याला लागतात.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. रात्री दहानंतर त्याच्या मोबाईलचं वायफाय बंद व्हावं असं राउटरमध्ये लावलं. दोन दिवस चाललं, आता परत सुरू. त्यानं पासवर्ड फोडला का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : फोडायची गरजच पडली नाही हो. राउटर मोबाईलला ओळखतो तो त्याच्या मॅक पत्त्यावरून (वायफायवरची त्याची ओळखखूण), आणि आताचे मोबाईल वायफायसाठी खोटा, बदलता येणारा पत्ता वापरतात. चिरंजीवांनी नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं असेल किंवा सेटिंगमध्ये तो पर्याय बदलला असेल. मोबाईल राउटरला नवा वाटला, नियम जुन्याला लागू राहिला.

उलट्या बाजूनं जा. मुलासाठी वेगळ्या नावाचं वायफाय काढा, वेळापत्रक त्या वायफायलाच लावा आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदलून फक्त मोठ्यांकडं ठेवा. नको त्या साइट अडवायच्या असतील तर राउटरच्या डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) रकान्यात १.१.१.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा अश्लील आणि घातक साइट गाळते. त्याच्या मोबाईलमध्ये डेटाचं सिमकार्ड आहे का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर राउटरच्या हातात काही नाही.

प्रश्न : वायफायचा पासवर्ड बदलला तरी अनोळखी मोबाईल जोडलेले दिसतात. — होटगी रोड

उत्तर : राउटरमधलं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनमध्ये शेवटचा आकडा पडताळणीचा, म्हणजे शक्यता एक कोटी. पण राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाही हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळं प्रत्यक्षात ११,००० प्रयत्नांत काम होतं. ही खोट २०११ सालीच उघड झाली, तरी जुन्या राउटरांत अजून चालू सापडते. पिन एकदा कळली की तुम्ही पासवर्ड कितीदाही बदला, तो नवाही मिळतो. डब्ल्यूपीएस बंद केल्यावर पुन्हा एकदा पासवर्ड बदला आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा.

प्रश्न : लाईट गेली की नेट जातं. राउटरला छोटा यूपीएस घेतला, तरी नेट जातंच. — अक्कलकोट रोड

उत्तर : फायबरची पेटी वेगळी आहे ना? तीही यूपीएसवर घ्या. आधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. काही ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे, आणि यूपीएस दोन्ही व्होल्टचे निर्गम असलेलाच मागा.