विकायच्या घरातील स्वयंपाकघर: शटर निवडण्याआधी खोका तपासा

आपण जुने घर घेतले आहे, ते दुरुस्त करून वर्षभरात विकायचे आहे आणि स्वयंपाकघराच्या कपाटांच्या शटरांसाठी, म्हणजे दारांसाठी, तीन पर्यायांवर आपण अडला आहात: हँडल नसलेली चकचकीत सपाट शटर, साध्या चौकटीची म्हणजे शेकर शटर, आणि उठावाचे कोरीव पॅनेल असलेली लाकडी शटर. वरची कपाटे काढून तिथे उघड्या फळ्या लावाव्यात का, असेही आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे अशी घरे घेऊन, दुरुस्त करून विकत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचे तर बहुतेक घरांत साधी चौकट घ्यावी, खोल्यांची दारे सपाट असलेल्या नव्या धाटणीच्या घरात मॅट सपाट शटर घ्यावे, आणि कोरीव पॅनेल त्या घराची मूळ घडणच तशी असेल तरच घ्यावे.

हे उत्तर पटण्यासाठी घर पाहायला आलेला माणूस स्वयंपाकघरात काय करतो ते आठवून पाहा. तो दारात क्षणभर थांबतो, मग ओट्यापाशी येऊन एखादा ड्रॉवर ओढतो, सिंकखालचे कपाट उघडतो आणि बंद करतो. हे सारे तीन-चार मिनिटांत आटोपते आणि तेवढ्या वेळात त्याच्या मनात एकच हिशेब चाललेला असतो: हे मला किती लवकर बदलावे लागेल? आपली आवड त्याला आवडली तर उत्तमच, पण ती आवडली नाही तर तो कपाटे बदलण्याचा खर्च मनातल्या मनात घराच्या किमतीतून वजा करतो, आणि तो खर्च नेहमी प्रत्यक्षापेक्षा मोठाच धरतो. त्यामुळे शैली निवडताना मी सतत याच प्रश्नाकडे पाहतो. जी शैली पाहून हा प्रश्न मनात उठतच नाही, ती विक्रीसाठी योग्य.

आता शैलीआधीची गोष्ट. शटर म्हणजे कपाटाचा चेहरा. त्यामागे खोका असतो, ज्याला कारागीर कार्कस म्हणतात. जुने खोके चांगले असतील तर नुसती शटर, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या दर्शनी पट्ट्या बदलून स्वयंपाकघर नवे करता येते, आणि वाचलेले पैसे जिथे दिसतील तिथे लावता येतात. खोके खराब असतील तर त्यांवर नवी शटर लावणे म्हणजे तीच दुरुस्ती दोनदा करणे. तपासणी अवघड नाही. सिंकखालचे कपाट रिकामे करा, टॉर्च घेऊन तळाच्या फळीकडे पाहा आणि कडेवरून बोट फिरवा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डात पाणी मुरले असेल तर कड पावासारखी फुगलेली लागते, वरचा लॅमिनेट किंचित उचललेला असतो आणि पेचकसाचे टोक दाबले की आत रुतते. फुगलेला पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी) सुकला तरी पूर्ववत होत नाही. त्यानंतर बिजागऱ्यांचे स्क्रू पाहा. ते हाताने फिरत असतील, भोके मोठी झाली असतील, तर त्या बाजूच्या फळीवर नवे, जड शटर टिकणार नाही. एक-दोन खोके खराब आणि बाकीचे ठणठणीत, अशी स्थिती बहुतेक घरांत आढळते. तेव्हा फक्त सिंकखालचा खोका नव्याने, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडमध्ये करून घ्यावा. आणि एक मनापासून सांगतो: फुगलेला खोका नव्या शटरमागे झाकून घर विकू नका. जो ते घेईल तो पुढे तिथेच राहणार आहे.

नुसती शटर बदलायची असतील तर खोक्याची जात ओळखावी लागते, कारण तिच्यावरच पुढची मापे ठरतात. काही खोक्यांना समोर लाकडी चौकट असते आणि शटर त्या चौकटीवर बसते. काहींना चौकट नसते आणि शटर थेट फळ्यांच्या कडांवर बसते. चौकट नसलेल्या खोक्यांमध्ये दोन शेजारच्या शटरांत साधारण ३ मिलिमीटरची फट ठेवतात, म्हणून शटरची रुंदी खोक्याच्या रुंदीपेक्षा तेवढी कमी मागवावी लागते. आतल्या बाजूंना ३२ मिलिमीटर अंतरावर भोकांची रांग दिसली तर नेहमीच्या प्रमाणित बिजागऱ्या आणि ड्रॉवर ज्यांवर सरकतात ते चॅनेल बसण्याची शक्यता खूप जास्त असते. शटरमध्ये बसणाऱ्या लपलेल्या बिजागरीच्या वाटीचा व्यास बहुधा ३५ मिलिमीटर असतो. चौकटीच्या आत, तिच्या पातळीत बसणारी शटर दिसायला फार देखणी असतात, मात्र त्यांना चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटरची एकसारखी फट लागते, मजुरी वाढते आणि दमट हवेत लाकूड फुगले की दार अडकते. विकायच्या घरात मी तो मार्ग सहसा घेत नाही.

आता तिन्ही शैलींकडे येतो.

साध्या चौकटीचे शेकर शटर पाच तुकड्यांचे असते: दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या पट्ट्या आणि मधला सपाट पॅनेल. हे नाव ज्या ख्रिस्ती पंथावरून आले, तो अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्याची एक छोटी तुकडी अ‍ॅन ली यांच्या नेतृत्वाखाली १७७४ मध्ये अमेरिकेत आली आणि त्या लोकांनी आपल्या वस्त्यांमध्ये अनावश्यक नक्षी टाळून टिकाऊ फर्निचर केले. ही घडण इतकी वर्षे टिकली यामागे मला दोन कारणे दिसतात. चौकटीची हलकी सावली पडल्याने शटर पूर्ण कोरे वाटत नाही, आणि तरीही त्यात कोणत्याही एका काळाची ठळक खूण नसते. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या घरातही ते उपरे वाटत नाही आणि नव्या घरातही जुने वाटत नाही. शिवाय ही शटर सर्वत्र बनतात, म्हणजे पुढच्या मालकाचे एखादे शटर खराब झाले तर त्याला जोडीचे शटर मिळू शकते.

इथे दोन बारकावे सांभाळा. रंगवलेले शटर घ्यायचे असेल तर मधला पॅनेल एमडीएफचा असावा, किंवा संपूर्ण शटर एकाच एमडीएफच्या फळीतून खोदलेले असावे. भरीव लाकूड हवेतील ओलाव्यानुसार रुंदीत कमी-जास्त होते आणि पट्ट्या जिथे मिळतात तिथे रंगावर केसासारखी रेघ उमटते. तो दोष नसला तरी खरेदीदाराला तडाच वाटते. दुसरे म्हणजे चौकटीची पट्टी अगदी बारीक घेऊ नका. नेहमीची पट्टी साधारण ५५ ते ६५ मिलिमीटरची असते. सध्या २० मिलिमीटरच्या आसपासची बारीक चौकट लोकप्रिय आहे, ती सुंदरही दिसते, पण फॅशन म्हणून आलेली गोष्ट फॅशनबरोबर जुनीही दिसू लागते. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात तेलकट धूळ बसते, हा या शैलीचा खरा तोटा आहे, म्हणून शेगडीजवळच्या शटरांना धुता येणारा, अर्ध-चकाकीचा रंग द्यावा.

सपाट शटराबद्दल माझी हरकत त्याच्या सपाटपणाला नाही, चकाकीला आहे. गडद रंगाच्या चकचकीत शटरांचे स्वयंपाकघर दुपारच्या तिरक्या उन्हात एकदा पाहा: हँडलच्या जागी बोटांचे ठसे, पुसताना पडलेल्या गोलाकार रेघा आणि आरशासारख्या पृष्ठभागात वाकडे दिसणारे खिडकीचे प्रतिबिंब. शटर एक मिलिमीटर जरी हलले असले तरी प्रतिबिंबाची ओळ तुटते आणि काम कच्चे वाटते. मॅट पृष्ठभागावर हे सगळे झाकले जाते. सपाट शटर बिघडते ते कडांपासून, म्हणून रंगापेक्षा एज बँडिंगवर, म्हणजे कडेला चिकटवलेल्या पट्टीवर, बारीक लक्ष द्या. कडेची पट्टी नखाने उचलून पाहावी, सांध्यात डिंकाची काळी रेघ दिसता कामा नये. लाकडी पोत असलेला लॅमिनेट किंवा व्हीनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) घेतला तर एका ओळीतल्या सर्व शटरांवर पोताची दिशा आणि रेषा सलग जुळवून कापायला सांगा. हे ऑर्डर देतानाच सांगावे लागते, नंतर काहीही करता येत नाही. साच्यावर फॉइल ताणून बसवलेली मेंब्रेन शटर स्वस्त पडतात, पण ओव्हनच्या किंवा शेगडीच्या उष्णतेने त्यांची कड सुटते. ती ओव्हन-शेगडीलगत तरी वापरू नयेत.

कोरीव पॅनेलबद्दल थोडक्यात लिहितो. मोठ्या खोल्या, उंच छत, दारांना आणि छताच्या कडांना जुनी गोलाई असलेल्या घरात ते शोभते. लहान स्वयंपाकघरात प्रत्येक शटरवर उठाव आला की भिंत जवळ सरकल्यासारखी वाटते, आणि खरेदीदार वर म्हटलेला हिशेब लगेच सुरू करतो.

तीनपैकी कोणते हे ठरत नसेल तर घरातल्या खोल्यांची दारे पाहा. दारांवर पॅनेल असतील तर साधी चौकट, दारे पूर्ण सपाट असतील तर सपाट शटर. ही कसोटी मला फारच क्वचित चुकीची ठरलेली आढळली, कारण घर पाहणारा स्वयंपाकघरात येईपर्यंत पाच-सहा दारे ओलांडून आलेला असतो आणि त्याच्या नजरेला त्या घराची सवय झालेली असते.

रंगाच्या बाबतीत मी स्वतः नुकसान सोसले आहे. सुरुवातीच्या एका घरात मी खालची आणि वरची सर्व कपाटे गडद हिरवी केली होती. मला तो रंग आजही आवडतो. घर पाहायला आलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने त्या रंगाविषयीच बोलणे केले, खिडकीबाहेरच्या झाडाकडे किंवा नव्या फरशीकडे कोणाचे लक्षच गेले नाही, आणि अखेर ज्याने घर घेतले त्याने रंग बदलण्याचा खर्च कापूनच भाव सांगितला. तेव्हापासून मी उबदार पांढरा, फिकट राखाडी-तपकिरी किंवा मध्यम लाकडी पोत यांपलीकडे जात नाही. वेगळा रंग हवाच असेल तर तो भिंतीला द्या; भिंत एका दिवसात बदलता येते. नमुना मात्र ओट्यावर आडवा ठेवून पाहू नका. शटर उभे असते, त्यावर प्रकाश निराळा पडतो. नमुना उभा धरून, ओट्याच्या दगडाला आणि फरशीला चिकटवून, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, तिथे जे दिवे राहणार आहेत त्यांच्याच उजेडात पाहावा. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली जो पांढरा साईसारखा वाटतो, तोच ४००० केल्विनखाली कोरडा आणि थंड वाटतो.

शैलीवर वाचवलेले पैसे हाताला जाणवतील तिथे लावा. खालच्या कपाटांतल्या फळ्यांऐवजी शक्य तिथे ड्रॉवर करा, पूर्ण बाहेर येणारे चॅनेल बसवा आणि बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज, म्हणजे आवाज न करता हळूच मिटणाऱ्या, घ्या. एकदा एक वयस्कर बाई मुलाबरोबर घर पाहायला आल्या होत्या. मुलगा खोल्यांची मापे विचारत होता, तेवढ्यात त्यांनी शेगडीशेजारचा खोल ड्रॉवर ओढला, तो शेवटपर्यंत बाहेर आला, त्यांनी मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घालून पाहिला आणि मग एका बोटाने ढकलून तो शांतपणे बंद होताना पाहिला. दुसऱ्या वेळी मुलाचे लक्ष वेधून त्यांनी पुन्हा तेच केले. शटर कोणत्या शैलीचे आहे, याचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

हँडल नसलेल्या रचनेत दाबून उघडणाऱ्या शटरांची यंत्रणा शटर जरा खाली झुकले तरी बिनसते, म्हणून मी साधे हँडल सुचवतो. दोन स्क्रूंमधले अंतर १२८ किंवा १६० मिलिमीटर असे प्रचलित घ्या, म्हणजे पुढच्या मालकाला भोके न बुजवता हँडल बदलता येईल.

उघड्या फळ्यांचे उत्तर सरळ आहे: एखादा छोटा कोपरा सोडून नको. घर घेणारा साठवणीची जागा मोजतो, आणि रिकाम्या फळ्यांवर त्याला आधी धूळ दिसते.

मापे प्लास्टर आणि फरशी पूर्ण झाल्यावरच घ्या. कोपऱ्यात दोन रांगा मिळतात तिथे सुमारे ५० मिलिमीटरची फिलर पट्टी, म्हणजे मधली जागा भरणारी पट्टी, ठेवायला विसरू नका. ती नसेल तर एका बाजूचा ड्रॉवर ओढताना दुसऱ्या बाजूच्या हँडलवर आपटतो, आणि हे काम संपल्यावरच लक्षात येते. सर्व बसवून झाल्यावर आठवडाभर शटर उघड-बंद होऊ द्या, कारण नव्या बिजागऱ्या थोड्या बसतात. मग पेचकस घेऊन एकेक शटर वर-खाली, डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर जुळवा, सर्व फटा एका ओळीत आणा, आणि त्यानंतरच विक्रीसाठी छायाचित्रे काढा.