दुसऱ्या महायुद्धाचे टेबलटॉप वॉरगेम नियम आजच्या सेक्शन लेव्हलच्या (दहा-एक जणांच्या तुकडीच्या) लढाईला कसे लावायचे?

मीही आधी तेच केलं जे तुम्ही करायला निघालायत, म्हणजे बोल्ट ॲक्शन या दुसऱ्या महायुद्धावरच्या, टेबलावर छोटे सैनिक (फिगर्स) मांडून खेळायच्या गेमचे नियम घेतले आणि आधुनिक रायफलला रेंज वाढवून दिली, फायर वाढवून दिला. दोन टर्नमध्ये निम्मी माणसं टेबलावरून गायब, मित्र म्हणाला चहा टाक आता.

रेंजच्या मागे लागू नका हो. २८ मिमीच्या फिगर्स साधारण १/५६ स्केलच्या, म्हणजे सहा फुटी टेबल जेमतेम १०० मीटर होतं. ३०० मीटर मारणारी रायफल खरी मापायला गेलात तर पट्टी हॉलमधून किचनमध्ये जाईल. सरळ ठरवायचं की दिसलं तर रेंजमध्ये आहे, पण दिसणंच अवघड करायचं. मी प्रत्येक टीमसाठी एक पत्ता पालथा ठेवतो आणि सोबत दोन-तीन जोकर, ते नुसतेच फसवे. स्पॉटिंगचा (शत्रू दिसला का ते ठरवायचा) फासा लागला किंवा त्या टीमने फायर केला तरच पत्ता उलटायचा. क्वाडकॉप्टर (छोटा ड्रोन) असेल तर तो टर्नला एक पत्ता उलटतो, बस, त्याच्याहून जास्त ताकद दिलीत तर खेळात मजाच राहत नाही.

पिन मार्करचा नियम (गोळीबाराखाली आलेल्या टीमवर मार्कर ठेवायचा, मग तिला हुकूम पाळणं अवघड जातं) मात्र अजिबात काढू नका, उलट तोच खरा आधुनिक आहे, बहुतेक गोळ्या समोरच्याला मारायला नाही तर डोकं खाली ठेवायला लावायलाच जातात. मार्कर म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या झकास चालतात.

सगळ्यात मोठा बदल जखमींचा. जुन्या नियमात फिगर पडली की उचलून डब्यात. आता बॉडी आर्मर आहे, माणूस बऱ्याचदा जिवंत असतो आणि त्याला सोडून जायचं नसतं, म्हणून एक फिगर पडली की दोन फिगर्स त्याला ओढण्यात अडकतात, त्या टर्नला त्यांचा फायर शून्य. दहा जणांच्या सेक्शनमधले दोघं पडले की प्लॅन कसा बदलतो ते बघाच.

सिनॅरिओ हवा असेल तर सोमालियातल्या मोगादिशूची लढाई, ऑक्टोबर १९९३. अंधाराआधी परतू या हिशोबाने बऱ्याच अमेरिकन सैनिकांनी नाइट व्हिजन बेसवरच ठेवलं होतं आणि रात्रभर अडकले. खेळाआधीच लिहून घ्यायचं कोण काय घेऊन निघालंय, नंतर आठवलं तर मिळणार नाही. घरं म्हणून बुटांचे खोके चालतात, आमच्याकडे तर दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही एकदा सिव्हिलियन म्हणून उभे होते.