खारदुंगला, खारदुंग ला की खारदुंगलाला?

प्रश्न असा आहे: लेहहून नुब्राकडे जाताना जी खिंड लागते तिचं नाव मराठीत कसं लिहायचं? 'खारदुंगला खिंड' म्हणणं म्हणजे द्विरुक्ती का? आणि तिथे जायचं असेल तर 'खारदुंगलाला जायचंय' म्हणायचं का?

आधी उत्तर सांगतो. 'खारदुंग ला' असं तोडून लिहा, आणि त्याच्यापुढे आपला 'ला' लावायची वेळ येऊ देऊ नका.

लडाखी आणि तिबेटी भाषांत 'ला' म्हणजे खिंड. खारदुंग हे खिंडीच्या उत्तरेला, नुब्राच्या बाजूचं गाव. त्या गावाकडे जाणारी खिंड ती खारदुंग ला. नाव जोडून लिहिलं की घोळ होतो: 'सकाळी नऊला खारदुंगला पोहोचलो' हे वाक्य मराठी वाचक 'खारदुंग गावाला' असंच वाचणार, आणि व्याकरणाने त्याचं बरोबर आहे. पण गाव खिंडीपेक्षा हजार मीटरहून अधिक खाली आहे. माथ्यावर पोहोचलात की उतरून गावात, हे कळायला हवं. विरळ हवेने डोकं धरलेल्या माणसाला तर नक्कीच.

'खारदुंगलाला' व्याकरणात बसतं, कानाला मात्र बोबडं वाटतं. सुदैवाने त्याची गरज फारशी पडत नाही. निर्जीव कर्माला मराठीत बहुधा प्रत्यय लागतच नाही, म्हणून 'खारदुंग ला ओलांडली', 'खारदुंग ला पार करून'. (खिंड स्त्रीलिंगी, म्हणून 'ला'ही स्त्रीलिंगी धरावी.) जाण्याचं ठिकाण सांगायचं तर 'लावर' किंवा 'लापर्यंत'. अमेरिकेचं 'अमेरिकेला' होतं तसं 'ला'चं सामान्यरूप करायला जाऊ नका. अक्षर एकच, ते बदललं तर नावच ओळखू येणार नाही. अगदीच अडलं तर 'खारदुंग खिंडीत' लिहा. 'घाटात' मात्र नको. घाट म्हणजे चढउताराची सगळी वाट. ला म्हणजे माथ्यावरची ती एक जागा, जिथे दगडांची रास रचून पताका बांधलेल्या असतात.

द्विरुक्तीचं म्हणाल तर 'सिंहगड किल्ला' म्हणणाऱ्यांनी 'झोजी ला खिंड'वर फार नाक मुरडू नये. 'सह्याद्री पर्वत' यातला 'अद्रि' म्हणजेही पर्वतच. परक्या भाषेतला सामान्यनामाचा तुकडा अर्थ न कळल्याने नावात गोठतो आणि वर आपला शब्द चढतो, हे सगळ्या भाषांत घडतं. तरी लेखात पहिल्यांदा नाव येताना 'खारदुंग ला ही खिंड' असं लिहावं आणि नंतर नुसतं 'खारदुंग ला'. 'पँगाँग त्सो सरोवर' यालाही हाच नियम, कारण त्सो म्हणजे सरोवर.

यातली खरी गंमत वेगळीच. लिखित तिबेटीतही 'कडे, ला' या अर्थाचा एक प्रत्यय आहे आणि तो 'ला'च आहे! खिंडीचा 'ला' आणि हा 'ला' यांचं स्पेलिंगही एकच, म्हणजे 'खिंडीला' हे तिथे 'ला ला' असं लिहिलं जाईल. आपल्या 'ला'शी त्याचं नातं मात्र नाही. मराठी 'ला' बहुधा जुन्या 'लागीं'शी जोडला जातो, जो ज्ञानेश्वरीत पानोपानी भेटतो. दोन्ही 'ला' एकसारखे निघाले हा योगायोग.

ल्हासामधला 'ल्हा' मात्र वेगळा. तो देव. माथ्यावर पोहोचल्यावर 'की की सो सो, ल्हा ग्यालो' अशी आरोळी देतात, तिचा अर्थ देवांचा जय असो. तिथे 'ला ग्यालो' लिहिलं तर देव जाऊन खिंड विजयी होते. 'बारालाचा ला' लिहितानाही जपा, त्यातला 'चा' आपला षष्ठीचा नव्हे.

झोजी ला की जोजी ला? माझं मत 'जोजी'ला. मराठीत ओच्या आधीचा ज दंततालव्य ('जोर'), ईच्या आधीचा तालव्य ('जीव'), त्यामुळे 'जोजी' मराठी पद्धतीने वाचलं की मूळ उच्चाराच्या जवळ जातं. 'झो'मध्ये नको असलेला हकार येतो. तसाच 'लेह'मधला ह लेखनापुरताच आहे. तिथले लोक 'ले' म्हणतात. पण 'लेह' आता रुळलं आहे आणि 'लेहला', 'लेहमध्ये' सुखाने चालतं, तेव्हा ते मोडू नये.

लेहची पेठ वाढली ती या खिंडींमुळेच. जोजी लावरून काश्मीरचा माल यायचा. खारदुंग ला आणि ससेर ला ओलांडून, काराकोरम खिंडीतून मध्य आशियातल्या यारकंदचे तांडे यायचे. 'लडाख'मध्येही 'ला' आहे: तिबेटी लेखन 'ल-द्वग्स', अर्थ साधारण खिंडींचा मुलूख, आणि शेवटचा 'ख' फारसी लेखनातून आलेला.

तिबेटी बोलींचा पट्टा संपला की 'ला'ही संपतो. काराकोरमच्या पलीकडे उइगुर भाषेत खिंडीला 'दावान' म्हणतात, पीर पंजालमध्ये 'गली', हिमाचलच्या पहाडी बोलींत 'जोत'. नकाशावर यातलं काय लिहिलंय ते पाहिलं की ते नाव कोणाच्या तोंडचं आहे याचा अंदाज येतो. उंचीच्या बाबतीत मात्र फलकावर विसंबू नका: खारदुंग लावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असे, मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते.