मालकी रान ठेकेदाराला उक्तं देऊ नका, शेजाऱ्यांनी मिळून पाळीने तोडा

कोकणातल्या मालकी रानाबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. बरेचसे फिरून एकाच जागी येतात, म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न: आमचं आणि शेजारच्या चौघांचं मिळून डोंगराच्या एकाच अंगाला पंचवीस एकर रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, थोडा खैर. मागची तोड पंधरा वर्षांपूर्वीची. ठेकेदार म्हणतो, सगळ्यांचं एकदम द्या, उक्ता (माल न मोजता एकरकमी) भाव चांगला देतो. द्यावं का? (संगमेश्वर)

उत्तर: देऊ नका.

उक्तं घेतलेल्या रानात ठेकेदार काय करतो ते तुम्ही गावात पाहिलं असणारच. माणसं आणि वाहतूक सोयीची पडते म्हणून एप्रिल-मे महिन्यात शिरतो, मशीन लावतो आणि वरपासून खालपर्यंत साफ करतो. बुंधे गुडघाभर उंच ठेवतो, कारण वाकून कापायला वेळ लागतो. साल फाटलेली, खुंट उन्हात तडकलेले. आणि महिन्याभरात पाऊस. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्या खडकावर माती असते वीतभर. ती व्हाळात (ओढ्यात) उतरते, तिथून खालच्या भाताच्या मळ्यात. पुढच्या खेपेला त्या रानात बारीक धुमारे (खुंटाचे फुटवे), करवंदाची जाळी आणि रानमोडीचं झुडपी तण उरतं. मग तोच ठेकेदार म्हणतो, माल हलका आहे, भाव पडेल.

ऐन हिवाळ्याअखेर पानं टाकतो आणि पावसाआधी पालवतो. त्या पालवीसाठीचं अन्न मुळात साठवलेलं असतं. साठा असताना तोडलं तर खुंट जोमाने फुटतो. पालवी आल्यावर तोडलं तर साठा खर्च झालेला असतो, खुंट रडतखडत फुटतो किंवा मरतो. म्हणून तोड जानेवारीअखेर संपलीच पाहिजे. ठेकेदार म्हणेल एप्रिलमध्ये तोडलं तरी फुटतं. फुटतं, पण किती खुंट फुटतात ते तो मोजायला येत नाही. एप्रिलची तोड नाही म्हणजे नाही.

आता करायचं काय? पाचही जण एकत्र बसा आणि पंचवीस एकर हे एकच रान धरा. हिश्शाच्या हद्दी तोडीपुरत्या विसरा. उताराला आडवे दहा-बारा पट्टे पाडा आणि वर्षाला एकच पट्टा तोडा. लागोपाठच्या वर्षी शेजारशेजारचे पट्टे घेऊ नका, म्हणजे उघड्या पट्ट्याच्या खाली उभं रान राहील आणि वरून आलेली माती तिथे अडकेल. तोडलेला पट्टा कोणाच्याही जमिनीत येवो, पैसे हिश्शाप्रमाणे पाचात वाटायचे. हे तोंडी ठरवू नका, लिहून सह्या करा. पैशाचा हा एक मुद्दा न लिहिल्याने चांगले चाललेले गट तिसऱ्या वर्षी मोडलेले मी पाहिले आहेत. भांडण नेहमी ज्याच्या जमिनीत जाड माल आहे तिथून सुरू होतं.

व्हाळाच्या दोन्ही काठांना किमान दहा मीटर, माथा आणि उभा कडा यांना हात लावायचा नाही. एकरी आठ-दहा जुनी झाडं बियांसाठी राखा. पोकळी असलेला बेहडा ‘कामाचा नाही’ म्हणून पहिला पाडतात. धनेश पक्षी घरटं करतो ते अशाच ढोलीत, आणि रानातल्या फळांच्या बिया लांबवर पसरवण्याचं काम तोच फुकट करतो.

छेद धारदार हत्याराने, तिरका, वीतभराच्या आत, म्हणजे पाणी खुंटावर साचत नाही. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटाला जमिनीलगतचे दोन-तीन जोमदार धुमारे ठेवा, बाकीचे काढा. ही विरळणी कोणी करत नाही. एका खुंटाला वीस काड्या वाढवून पंधरा वर्षांनी जळाऊ लाकडाशिवाय काही मिळत नाही. राबासाठी (भाताच्या रोपाची जागा भाजायला) कवळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, हवी असेल तर याच विरळणीतून घ्या, राखलेल्या झाडांचे शेंडे छाटू नका. आणि माल विकताना उक्ता नाही, वजनावर विका. काटा तुमच्या माणसासमोर झाला पाहिजे.

परवानगीचं थोडक्यात: ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, हिरडा, साग, आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत आहेत. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. ‘परवानगीचं मी बघतो’ असं ठेकेदार म्हणाला तरी अर्ज तुमच्या नावाचा असतो आणि दंडही तुमच्याच नावाने होतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्यांनी तर आधी वनक्षेत्रपाल कार्यालय गाठा, तिथे वृक्षतोडबंदीचा उच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे.

प्रश्न: तोडीनंतर रानमोडी माजली आहे. दुकानदाराने ग्लायफोसेट हे तणनाशक दिलं आणि डबल डोस मारा, मुळासकट जातं असं सांगितलं. (लांजा)

उत्तर: मारू नका. एकपटही नको, दुप्पट तर नकोच. हे औषध हिरव्या पानातून आत जातं आणि मुळापर्यंत उतरतं. रानमोडीचं पान कुठलं आणि ऐनाच्या धुमाऱ्याचं कुठलं, हे त्याला कळत नाही. ज्या फुटव्यावर तुमची पुढची तोड उभी आहे तोच मरतो. दुप्पट डोसाने पान आधीच करपतं, औषध मुळाकडे जातच नाही, आणि रानमोडी पुन्हा फुटते. मग दुकानदार तिसरा कॅन देतो. फवारणीनंतर सर आली की ते व्हाळात, आणि तुमची पाण्याची टाकी त्या व्हाळाखालीच असेल.

रानमोडी जून-जुलैत ओल्या जमिनीतून हाताने उपटा. मूळ सहज येतं. मोठी झुडपं कोयत्याने तोडून गड्डा खणून काढा. ती थंडीत फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बी वाऱ्यावर सोडते, म्हणून फुलोऱ्याआधी दुसरा हात फिरवा. एकट्याने करून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या रानातलं बी तुमच्याकडेच येणार. दोन-तीन पावसाळे सगळ्यांनी एकदम उपटलं आणि वर सावली धरली की तिचा जोर मोडतो.

प्रश्न: सडा (डोंगरावरचा कातळाचा सपाट माळ) मोकळा आहे. रोपवाटिकेचा एजंट ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा टिशू कल्चर साग लावा म्हणतो, सोबत वाळवीसाठी फोरेट आणि रोपाला मूठभर युरिया. (कुडाळ)

उत्तर: चारही गोष्टी नकोत. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कोणी देत असेल तर तो जुना साठा तुमच्या गळ्यात मारतोय. मूठभर युरियाने रोप पावसात लुसलुशीत वाढतं आणि मार्चमध्ये वाळतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला लवकर कुजत नाही, उन्हात वाळून वणव्याला सरपण होतो. जांभ्याच्या उघड्या कातळावर सागाचं काय होतं ते रस्त्याकडेची खुरटलेली झाडं बघा.

कातळ उघडा असेल तर सडा तसाच सोडा. पावसाळ्यात त्यावर उगवणारं गवत आणि फुलं हीच त्याची वाढ. माती आहे तिथे गुरं बंद करा, खुंट आणि बी आपोआप फुटतं. लावायचंच असेल तर हद्दीला आणि घळीत माणगा बांबू लावा. भरीव, काटे नसलेला, आपल्याच मातीतला. तीन वर्षांच्या वरच्याच काठ्या काढा, यंदाची कोंबं राखा, पावसाळ्यात बेटाला हात लावू नका. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनेतर जमिनीवरचा बांबू भारतीय वन अधिनियमाच्या ‘झाड’ या व्याख्येत येत नाही.

प्रश्न: दरवर्षी वणवा शेजारच्या सड्यावरून येतो. (राजापूर)

उत्तर: दहा फुटांची जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा) डिसेंबरात काढा, गवत पुरतं वाळण्याआधी. सगळ्या मालकांनी मिळून संपूर्ण अंगाच्या बाहेरून एकच रेषा. प्रत्येकाने आपापल्या तुकड्याभोवती काढली तर मजुरी कैक पटींनी जाते आणि मधे कुठेतरी फट राहते. काढलेलं गवत जाळायचं तर सकाळी, वारा नसताना, पाणी आणि ओल्या फांद्या हाताशी ठेवून. मार्चमध्ये रेषा जाळायला गेलेल्यांनीच डोंगर पेटवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

प्रश्न: पाणी जिरवायला रानात जेसीबीने सलग चर मारून घेऊ का? (चिपळूण)

उत्तर: उभ्या रानात नको. मुळं तुटतात आणि अतिवृष्टीत भरलेला चर उभ्या उतारावर घसरणीला वाट देतो. पातेरा (गळलेला पाला) जागेवर राहू द्या, पाणी जिरवायला तो पुरे. मशीनवाला मीटरवर पैसे घेतो, तो चर मारा असंच सांगणार.

प्रश्न: सातबारा सामाईक आहे, इतर हक्कात ‘खाजगी वन’ लिहिलंय. अनुदान मिळेल का? (खेड)

उत्तर: ती नोंद 1975 च्या खाजगी वने (संपादन) कायद्याची आहे, ज्याने खाजगी रानं सरकारजमा झाली. 30 ऑगस्ट 1975 रोजी एकूण धारण 12 हेक्टरच्या आत असणाऱ्यांसाठी कलम 22-अ खाली जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. तसा आदेश झाला होता का ते तहसीलमध्ये तपासा. तोवर कुऱ्हाड नाही, मशीन नाही, कोणा एजंटच्या कार्बन क्रेडिटच्या करारावर सहीही नाही. जमीन तुमची की सरकारची हे ठरल्याशिवाय तीस-चाळीस वर्षं रान बांधून देणारा कागद करायचा नसतो.

नोंद स्वच्छ असेल तर बांबू आणि फळझाडांसाठी रोजगार हमीतून मदत आहे. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. बाकीचं कृषी सहाय्यकाकडे विचारा. अडतं ते संमतीपत्राशी, कारण निम्मे हिस्सेदार मुंबईत. गणपतीला सगळे घरी असतात. कागद आधी टाइप करून ठेवा, सह्या त्या पाच दिवसांत घ्या. संमतीपत्र आणि पाळीच्या तोडीचा करार, दोन्ही एकाच बैठकीत.