‘ओयासुमी पुनपुन’ ही मांगा (जपानी चित्रकथा) १४ वर्षांच्या मुलाला वाचायला द्यावी का? चित्रं तर बाळबोध दिसतात.

नको, इतक्यात देऊ नका. यातला नायक पुनपुन पक्ष्यासारखा काढलाय, पण त्या बाळबोध रेघोट्यांवर जाऊ नका. इनिओ असानो यांची ही मांगा २००७ ते २०१३ या काळात जपानमध्ये मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकांतून येत होती. मी तेराही खंड वाचलेत. पुनपुन आणि त्याच्या घरचे तेवढे पक्ष्यासारखे. बाकी गल्ल्या, खोल्या, विजेच्या तारा फोटोसारख्या हुबेहूब. सुरुवातीलाच बापाच्या मारानं आई हॉस्पिटलात जाते आणि पोराला सांगितलं जातं, चोर आले होते. पुढे लैंगिक अत्याचार, आत्महत्या, खून, सगळंच येतं, तेही अगदी जवळून. अठरा-एकोणीसचा झाला की जरूर द्या. मात्र तेव्हाही तो आधीच उदास असेल, तर थांबा.