भाव ठरवायचा कसा?

प्रश्न: सिंहगड रोडवरचा आमचा जुना वन बीएचके विकायचाय. एजंट एक भाव सांगतो, पोर्टलवर भलताच दिसतो, खरा कुठला धरायचा?

उत्तर: दोन्ही नाही! पोर्टलवरचा आकडा म्हणजे मालकाची इच्छा हो. व्यवहार केवढ्याला झाला ते इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात असतं, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या नि शेजारच्या सोसायटीतले ताजे दस्त बघा आणि रेट कार्पेटवर (बाहेरच्या भिंती सोडून आतली जागा) काढा, बिल्ट-अपवर (भिंती धरून) काढला की सगळं गणित बिघडतं. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, सरकारी हिशोबापुरता. मग महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर जवळच्या नव्या प्रोजेक्टमध्ये किती फ्लॅट शिल्लक आहेत ते पहा, तीच तुमची खरी कॉम्पिटिशन. फक्त बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, तुमच्या रिसेलवर नाही, हे गिऱ्हाइकाला स्वतःच सांगा, एजंट सांगेलच असं नाही.